पंक्चर मागच्या चाकात, खर्च गिअरबॉक्सचा

«काका, गेल्या महिन्यात सासूबाईंना (वय ७२) दादरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घरी आणत होते. रात्रीचे साडेनऊ, धो धो पाऊस, गाडी मीच चालवत होते. ईस्टर्न एक्स्प्रेसवर कांजूरच्या आसपास पूल उतरताना गाडी एकीकडे ओढायला लागली. घाबरून तिथेच उतारावर थांबले. मागचं उजवं चाक बसलं होतं. यजमान फोनवरून ‘स्टेपनी लाव’ म्हणत होते, पण स्टेपनी दाबून पाहिली तर तिच्यातही हवा नाही. दहा मिनिटांत, न बोलावता, एक क्रेनवाला आला. सहा हजार म्हणाला, साडेतीनवर तुटलं. मागचं चाक पंक्चर म्हणून त्याने गाडी मागून उचलली आणि पुढच्या दोन चाकांवर उलटी ओढत मुलुंडला आणली. गाडी ऑटोमॅटिक आहे. तेव्हापासून गिअर पडताना झटका बसतो. गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स उघडावा लागेल. क्रेनवाल्याची पावती नाही. यजमान म्हणतात, तुझ्याने पानासुद्धा हलणार नाही, तू रिक्षाने जात जा. माझं नेमकं कुठे चुकलं? पुढच्या वेळी काय करू?»
— एक वाचक, मुलुंड पूर्व

ताई,

आधी यजमानांचा निकाल लावू. पाना तुमच्याने हलेल. तो हाताने नाही, पायाने हलवायचा असतो. कसा ते खाली सांगतो. मी अठ्ठावीस वर्षं काळाचौकीला गॅरेज चालवलं. हाताच्या जोरावर नट सोडवायला गेलेले आणि कंबर धरून माझ्या बाकड्यावर बसलेले भरपूर पहिलवान पाहिलेत.

आता चूक. स्टेपनीत हवा नव्हती ही चूक आहेच, पण ती नंतरची. खरं फिसकटलं ते तुम्ही पुलाच्या उतारावर थांबलात तिथे. मागून येणाऱ्याला चढ संपेपर्यंत तुमची गाडी दिसतच नाही. दिसते तेव्हा तो उताराला लागलेला असतो, रस्ता ओला असतो आणि त्याच्या ट्रेलरवर वीस टन माल असतो.

हवा गेलेल्या टायरवरही गाडी चालते, हे कितीतरी लोकांना ठाऊक नसतं. मजेत नाही, पण चालते. गाडी ओढायला लागली की ब्रेकवर उभं राहायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, चारही इंडिकेटर लावायचे आणि दहा-पंधराच्या वेगाने, फटफट आवाज ऐकत, डावीकडे सरकत सरकत पूल उतरायचा. खाली सर्व्हिस रोड असतो, पेट्रोल पंप असतो, निदान दिव्याखालची रुंद जागा असते. तेवढ्यात टायर फाटेल, कदाचित रिमही वाकेल. वाकू दे. माझ्याकडे रिम वाचवायला थांबलेली गिऱ्हाइकं यायची, आणि एकदा त्यातल्या एकाची फक्त गाडी आली.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. चाक उजवं होतं. आपण डावीकडून चालणारे, म्हणजे उजवं चाक बदलायचं तर वाहत्या रहदारीकडे पाठ करून उकिडवं बसायचं. माझा नियम सरळ आहे: हायवेच्या कडेला उजवं चाक बदलायचं नाही. दिवसा नाही, रात्री नाही, पट्टीचा मेकॅनिक बरोबर असला तरी नाही. सर्व्हिस रोडला उतरा, नाहीतर मदतीची वाट बघा.

आणि वाट गाडीत बसून बघायची नाही. सासूबाईंना पावसात कुठे उतरवू, असं तुम्हाला वाटलं असणार. कोणत्याही सुनेला वाटेल. तरी उतरवायचंच. डाव्या दाराने, छत्री देऊन, रेलिंगपलीकडे जागा असेल तर पलीकडे, नाहीतर गाडीच्या बरंच पुढे. मागून कुणी धडकलं तर गाडी पुढे फेकली जाते, म्हणून गाडीच्या अगदी पुढ्यात उभं राहायचं नाही. मिळाली रिक्षा तर त्यांना घरी पाठवून द्यायचं. मग तुम्हाला एकच काळजी उरते. गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे ठेवायचा. पन्नास मीटर म्हणजे साधारण सत्तर पावलं. जाताना त्रिकोण छातीसमोर धरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, अगदी कडेने चालायचं. तो ठेवायलाच जीव धोक्यात घालावा लागणार असेल तर नका ठेवू, इंडिकेटर पुरे.

फ्रीवे, सी लिंक, अटल सेतू, कोस्टल रोडचा बोगदा, या ठिकाणी तर पान्याला हातही लावायचा नाही. कॅमेरे असतात, गस्तीची गाडी येते. फोन ११२ ला करायचा. नाशिककडे वगैरे राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला. सांगताना ‘कांजूरच्या पुलावर’ एवढं पुरत नाही. कुठून कुठे निघालात, दिव्याच्या खांबावर नंबर असेल तर तो, आणि मोबाइलवरून लोकेशन.

आता तुम्हाला कदाचित वाईट वाटेल असं सांगतो. त्या रात्री तुम्हाला ना क्रेन लागत होती, ना स्टेपनी. हल्लीचे टायर ट्यूबलेस असतात. खिळा घुसला की हवा एकदम जात नाही, खिळ्याच्या कडेने हळूहळू जाते. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचा हवा भरायचा छोटा पंप मिळतो. पूल उतरून सर्व्हिस रोडला थांबायचं, खिळा आहे तिथेच राहू द्यायचा, बत्तीस-तेहतीसपर्यंत हवा भरायची आणि सावकाश जवळच्या पंक्चरवाल्याकडे जायचं. मुंबईत दोन-तीन किलोमीटरच्या आत पंक्चरवाला नाही अशी जागा मला तरी आठवत नाही. खिळा उपटायचा मात्र नाही. सगळे आधी तेच करतात, आणि हवा पाच मिनिटांत सगळी जाते. टायरची बाजूची भिंत चिरली असेल तर पंपाचा उपयोग नाही, तिथे चाकच बदलावं लागतं.

पंक्चरवाल्याकडे गाडीत बसून मोबाइल पाहू नका. खाली उतरून शेजारी उभ्या राहा. साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे जिथून येतात तेवढंच भोक. आत एक खिळा गेला आणि बाहेर चार पंक्चर निघाले, असा चमत्कार गिऱ्हाइकाची पाठ फिरल्यावरच होतो.

स्टेपनीचं सांगायला हवं, कारण निम्म्या मुंबईच्या डिक्यांमध्ये ती मरून पडलेली आहे. शब्द आपण इतका वापरतो की तो आपलाच वाटतो. तो वेल्समधल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे डेव्हिस आडनावाच्या भावांनी १९०४ मध्ये पंक्चर झालेल्या चाकावरच अडकवायची जादा रिम काढली. तोवर गाड्यांना जादा चाकच नसे. तिकडचे लोक शब्द विसरले, आपण सांभाळला. हवा मात्र सांभाळत नाही. महिन्यातून एकदा चार चाकांत हवा भरता तेव्हा पंपवाल्याला डिकी उघडून द्या आणि ‘पाचवं पण’ म्हणा. तो कंटाळा करेल, तुम्ही करू नका. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ३५२१. म्हणजे २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं. बारीक भेगा दिसल्या तर त्या स्टेपनीवर विसंबू नका. ती बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते, बहुतेक वेळा ८०.

आणि हो, स्टेपनी आहे ना हेही बघा. ऑक्टोबर २०२० पासून नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर छोट्या गाडीला स्टेपनी द्यायची सक्ती नाही. शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली, डिकीचा गालिचा उचलला आणि खाली पंक्चर बुजवायच्या चिकाची एक बाटली आणि पंप पाहून शोरूमला फोन लावला, असं आमच्याच इमारतीत झालंय. त्या बाटलीतल्या चिकाला मुदत असते, ती वाचा. चीक भरलेला टायर दुरुस्तीला दिलात तर तसं आधी सांगा, नाहीतर तो कारागीर तुम्हाला लाखोली वाहील.

आता पाना. येत्या रविवारी, पाऊस नसताना, सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा चाक काढून परत लावा. काम अर्ध्या तासाचं. पहिल्यांदा तासभर लागेल. यजमानांना टॉर्च धरायला घ्या, पाना देऊ नका.

हँडब्रेक ओढा, गाडी ‘पी’मध्ये टाका. बदलायच्या चाकाच्या तिरक्या बाजूच्या चाकाला वीट लावा. उजवं मागचं काढायचं तर वीट डाव्या पुढच्याला. मग, आणि हे फार महत्त्वाचं, गाडी उचलण्याआधी नट सैल करा. चाक हवेत गेल्यावर जोर लावला की चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरते. पाना नटावर असा बसवा की दांडी डावीकडे, जमिनीला आडवी राहील. आता एका हाताने गाडीचा आधार घ्या आणि दांडीच्या टोकावर पाय ठेवून अंगाचं वजन हळूहळू सोडा. कर्र्र असा आवाज येतो. पहिल्यांदा वाटतं काहीतरी मोडलं. मोडलेलं नसतं, नट सुटलेला असतो. प्रत्येक नट अर्धा वेढाच सोडायचा. एखादा नट वेगळ्या आकाराचा दिसला तर तो चोरीपासूनचा लॉक नट. त्याची चावी ग्लोव्ह बॉक्समध्ये असते, किंवा सर्व्हिसिंगवाल्याने परत ठेवायची राहून गेलेली असते. हे रविवारी कळलेलं बरं.

जॅक कुठे लावायचा ते पुस्तकात असतं. दाराखालच्या पत्र्याच्या काठाला दोन खाचा असतात, त्यांच्या मध्ये. प्लॅस्टिकवर लावला तर प्लॅस्टिक फुटतं.

जॅकच्या पायाखाली काय आहे ते मात्र पुस्तकात नसतं. मे महिन्यात, वडखळच्या पुढे, मी स्वतःच्या गाडीचं पुढचं चाक काढलं होतं. दुपारचे दोन. डांबर तव्यासारखं तापलेलं, आणि तेवढंच मऊ. मी स्टेपनी आणायला डिकीकडे गेलो आणि परत आलो, तेवढ्या वेळात जॅकचा पाय डांबरात दोन बोटं रुतला होता. चाक आत सरकवायला खाली वाकलो आणि गाडी तिरकी होऊन ब्रेकच्या डिस्कवर बसली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख गेलं; बोट राहिलं हे नशीब. अठ्ठावीस वर्षं गॅरेजवाला म्हणवणाऱ्याने दोन गोष्टी केल्या नव्हत्या: जॅकखाली फळी नाही, आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवलेलं नाही. ते चाक तिथे असतं तर गाडी त्याच्यावर बसली असती. मुंबईत डांबराऐवजी पेव्हर ब्लॉक असतात आणि पावसाळ्यात ते हलतात, म्हणजे गोष्ट तीच. फूटभर चौरस प्लायवूडचा तुकडा डिकीत कायम ठेवा. सुताराकडे मागितलात तर फुकट मिळतो.

चाक वर चढवणं हे एकच काम खरंच जड आहे. उचलायला जाऊ नका. चाकासमोर जमिनीवर बसा, पाऊल टायरखाली घाला आणि पायाने उचकटत भोकं जुळवा. आधी वरचा नट बोटांनी बसवा, म्हणजे चाक लटकून राहतं. नटाची निमुळती बाजू आत. सगळे नट हाताने लागतील तेवढे लावा, गाडी खाली घ्या, मग आवळा. गोल क्रमाने नाही, एक सोडून समोरचा, चांदणी काढल्यासारखे. आवळताना दांडी उजवीकडे ठेवून हाताने खाली दाबायचं, पायाने नाही. सोडताना वजन, आवळताना हात. पायाने आवळलेले नट पुढच्या वेळी कुणाच्याच बापाला सुटत नाहीत. पन्नास किलोमीटर झाले की पाना पुन्हा एकदा फिरवून बघा.

आता तुमच्या गिअरबॉक्सकडे येऊ. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, म्हणजे आतले दात आणि प्लेटा तेलाविना घासताहेत. तुमच्या गाडीसारख्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना असतो, आणि त्या माणसाने नेमकी तीच चाकं रस्त्यावर ठेवली. पंक्चर मागे म्हणून मागून उचलायची, हा त्याचा हिशोब सायकलचा होता. ऑटोमॅटिक, चारही चाकांना जोर असणारी किंवा बॅटरीवरची गाडी असेल तर एकच वाक्य पाठ ठेवा: ‘फ्लॅटबेड पाठवा.’ म्हणजे सपाट ट्रक, ज्याच्यावर अख्खी गाडी चढते. हे फोनवरच बोलायचं, क्रेन दारात आल्यावर नाही. गिअरची साधी गाडी असेल तर पुढची दोन चाकं उचलून नेली तरी चालतं.

फ्लॅटबेडवर चढवतानाही शेजारी उभं राहा. चढवण्याआधी चारही बाजूंचे आणि मीटरचे फोटो काढा. ओढायचा हुक डिकीतल्या सामानात असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो पूर्ण आत फिरवायचा आणि वायर त्यालाच लावायची. क्रेनवाले घाईत खालच्या दांड्यांना साखळी घालतात आणि अलाइनमेंट घालवतात. चढवताना गाडी न्यूट्रलमध्ये, चावी ‘ऑन’वर, म्हणजे स्टिअरिंग अडकत नाही. वर गेल्यावर ‘पी’ आणि हँडब्रेक, आणि पट्टे टायरवरून. गाडीत कुणीही बसायचं नाही. ट्रकच्या केबिनमध्ये तुम्हीही बसायला हवं असं काही नाही. रात्रीच्या वेळी एकट्या असाल तर सरळ मागून रिक्षाने जा, ट्रकचा नंबर घरी पाठवून.

न बोलावता आलेल्या क्रेनवाल्याला काय सांगायचं? ‘माझी इन्शुरन्सची गाडी येतेय.’ आणि ती खरंच येत असते. पुष्कळांच्या पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीची सोय घेतलेली असते आणि कुणालाच आठवत नाही. आज पॉलिसी उघडून बघा. नंबर फोनमध्ये ‘अ अ टोइंग’ नावाने ठेवा, म्हणजे यादीत पहिला येतो. बाहेरचीच क्रेन घ्यावी लागली तर कुठून कुठे आणि एकूण किती हे निघण्याआधी मेसेजवर लिहून घ्या, पैसे गाडी उतरवल्यावर आणि ऑनलाइन द्या. पावती मिळाली नाही तरी तेवढा पुरावा राहतो.

मेहुण्याच्या गाडीला दोर बांधून आणू, असं कुणीतरी नक्की सुचवेल. गिअरच्या गाडीला नियमाने ते चालतं: दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग पंचवीसच्या आत, मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस. पण भांडुपच्या सिग्नलला दोन गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडणारी बाई, तिचा हात धरलेली मुलगी आणि त्यांच्या पोटरीच्या उंचीवर ताणत जाणारा दोर मी पाहिलाय. त्यात इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो. मुंबईत दोराने ओढू नये, एवढंच माझं मत.

तुमची गाडी सध्या चालवू नका. गॅरेजवाल्याला बॉक्स उघडू देण्याआधी तेल काढून दाखवायला सांगा. जळकट वास आणि काळा रंग असेल तर त्याचं म्हणणं खरं आहे. तेल स्वच्छ असेल तर आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅन करून घ्या आणि खर्चाचा आकडा लेखी मागा. नुसत्या झटक्यावरून बॉक्स उघडायची घाई मी केली नसती. क्रेनवाल्याकडून काही परत मिळेल असं मला वाटत नाही. पैसे मोबाइलवरून दिले असतील तर त्या नंबरवर एकदा लिहून बघा.

ता. क. पंक्चर झालेला टायर परत बसवण्याआधी रिमवरून काढून आतून बघायला सांगा. आत काळी पूड सांडलेली दिसली तर तो हवेविना चालून आतून घासलाय, बाहेरून कितीही नवा दिसला तरी फेका. तुम्ही लगेच थांबला होतात, त्यामुळे तो वाचला असण्याची शक्यता बरीच आहे.